स्टेशन परिसरातील बेघर व्यक्तींची क्षयरोग तपासणी आणि पूर्ण उपचार : कागदपत्रे आणि पत्ता नसताना काय करावे?

प्रश्न : तापीकाठ, भुसावळ

सर्वांना नमस्कार. भुसावळ रेल्वे स्थानकाच्या बाहेर आम्ही काही मंडळी रोज संध्याकाळी जेवण वाटतो. मुंबई, नागपूर, इटारसी आणि सुरत अशा सर्व दिशांच्या गाड्या येथे मिळत असल्यामुळे या परिसरात भंगार वेचणारे, फुटकळ हमाली करणारे, घरातून बाहेर काढलेले वृद्ध आणि कधीतरी गाडीतून उतरले ते येथेच राहिले असे सर्व प्रकारचे लोक आहेत. हिवाळ्यात त्यांपैकी बरेच जण खोकत असतात, आणि तो खोकला धुळीचा, विडीचा की क्षयरोगाचा, हे आम्हांला सांगता येत नाही.

यांतील साधारण पन्नाशीच्या एका गृहस्थांची बाब तातडीची आहे. दुसऱ्या जिल्ह्यात त्यांना क्षयरोगाचे निदान होऊन गोळ्या सुरू झाल्या होत्या. पुढे फलाटावर झोपेत त्यांची पिशवी चोरीला गेली, तिच्याबरोबर गोळ्याही गेल्या आणि रुग्णालयाचे कागदही गेले. त्यानंतर दीड-दोन महिने त्यांनी काहीच घेतलेले नाही. आता पुन्हा खोकला आहे, संध्याकाळी अंगात कणकण असते आणि वजन उतरल्याचे नुसत्या नजरेलाही कळते. एका दवाखान्यात त्यांना घेऊन गेलो, तेव्हा आधार कार्ड आणि पत्ता विचारण्यात आला आणि दोन्ही नसल्याचे कळताच ‘आधी कागदपत्रे करून आणा’ असे सांगण्यात आले.

तेव्हा जाणकारांना विचारायचे ते असे. कागदपत्रांशिवाय उपचार खरोखरच सुरू होत नाहीत काय? सुरू झाले तर सहा महिन्यांच्या गोळ्या ज्याला साधी पिशवी सांभाळता येत नाही त्याच्याजवळ कशा टिकाव्यात? इतरांची तपासणी करायची झाल्यास ती कोठून सुरू करावी? आमच्यातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत असे आहे की, जो समोर गोळी घेईल त्यालाच ताट द्यावे, म्हणजे कोणी उपचार सोडणार नाही. मला हे पटत नाही, पण त्याला नेमके उत्तरही देता येत नाही. शिवाय वाढपी मंडळींपैकी काहींना संसर्गाची भीती वाटते, तीही मी खोटी म्हणू शकत नाही.

उत्तर १ : पांझरा, धुळे

भाऊ, क्षयरोग कार्यक्रमात वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक म्हणून बरीच वर्षे काम करून आता निवृत्त झालो आहे, त्यामुळे कार्यालयाच्या बाजूने काय होते ते सांगू शकतो.

पहिली गोष्ट, थुंकीची तपासणी आणि गोळ्या या दोन्ही शासनाकडून मोफत आहेत आणि आधार कार्ड नाही म्हणून त्या नाकारता येत नाहीत. गोंधळ होतो तो निक्षय पोषण योजनेमुळे. एप्रिल २०१८ पासून रुग्णाला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये मिळत असत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० रुपये झाले, आणि ही रक्कम थेट बँक खात्यात जमा होत असल्यामुळे तिच्यासाठी खाते व ओळखपत्र लागते. कर्मचारी सगळी माहिती एकाच बैठकीत भरून टाकू पाहतो, आणि पैशासाठी लागणारा कागद नकळत औषधाच्या दारात आडवा येतो. आपण तेथे शांतपणे इतकेच म्हणावे की, पैशाचे नंतर पाहू, आज थुंकी घ्या. तरीही कोणी ऐकत नसेल तर तालुक्याचे क्षयरोग पथक किंवा जळगावचे जिल्हा क्षयरोग केंद्र गाठावे, अथवा १८००-११-६६६६ या निक्षय संपर्क मदतवाहिनीवर फोन करावा.

आपण सांगितलेल्या गृहस्थांचे निदान आधी झालेले आहे, म्हणजे निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणी प्रणालीत त्यांची नोंद असण्याचा मोठा संभव आहे. नाव, वय, त्या वेळी दिलेला एखादा मोबाईल क्रमांक आणि कोणत्या रुग्णालयात उपचार सुरू झाले, एवढे आठवले तरी पर्यवेक्षकाला जुनी नोंद शोधून ती आपल्या पथकाकडे वर्ग करून घेता येते. मात्र कोणाच्या उरलेल्या गोळ्या मिळाल्या म्हणून त्या परस्पर सुरू करू नका. महिनाभर किंवा अधिक खंड पडल्यावर परत आलेल्या रुग्णाची थुंकी पुन्हा नॅट, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या, तपासणीला पाठवावी लागते, कारण मधल्या काळात जंतू रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देईनासा झाला आहे काय, हे आधी कळले पाहिजे. ट्रूनॅट किंवा सीबीनॅट यंत्रावर ते साधारण एक-दोन तासांत कळते. प्रत्यक्ष अहवाल हाती यायला रांगेप्रमाणे वेळ लागतो, हा भाग वेगळा.

आता पत्त्याविषयी. नोंदवहीत पत्त्याचा रकाना रिकामा राहिला की तो रुग्ण हरवणार, हे माझे नोकरीभराचे निरीक्षण आहे. तो रकाना कधीही रिकामा सोडू नये, आणि त्यात ‘रेल्वे स्टेशन’ असेही लिहू नये, कारण त्याचा उपयोग शून्य. माणूस रोज ज्या ठिकाणी हमखास दिसतो ते ठिकाण लिहावे : अमुक चहाची टपरी, अमुक भंगार दुकान, अमुक मंदिराचा ओटा. त्याखाली त्या टपरीवाल्याचा फोन, त्याच्या संमतीने. उपचार कोठे सुरू करायचे याच्या आधी तो दिवसातून एकदा कोठे सापडतो हे ठरले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

गोळ्याही त्याच ठिकाणी ठेवाव्यात. उपचार सहायक, म्हणजे रोजच्या गोळ्यांवर लक्ष ठेवणारा माणूस, हा आशा किंवा परिचारिकाच असला पाहिजे असे नाही, जबाबदारी घेणारी कोणतीही व्यक्ती चालते, आणि माझ्या अनुभवात टपरीवाले हे काम चांगले करतात, कारण ते रोज पहाटे हजर असतात आणि त्यांना गिऱ्हाइकाचा चेहरा आठवतो. गोळ्यांची पाकिटे कोरड्या डब्यात, नाव लिहून. रुग्णाजवळ एका दिवसापेक्षा जास्त देऊ नयेत. तो बाहेरगावी जाणार असेल तर मात्र अधिक दिवसांच्या द्याव्यात आणि निक्षय क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून खिशात व टपरीवर असा दोन्हीकडे ठेवावा.

इतरांच्या तपासणीसाठी शिबिर घेणार असाल तर एक सूचना. सोबत पोलीस किंवा रेल्वे सुरक्षा दलाचे जवान आणू नका, त्यांचा हेतू कितीही चांगला असो. आपल्या राज्यात १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा लागू आहे आणि फलाटावरच्या माणसाला तो कलमांसह ठाऊक नसला तरी गाडीत घालून नेतात हे पक्के ठाऊक असते. खाकी कपडा दिसला की ज्यांची तपासणी व्हायला हवी तेच सर्वांत आधी निघून जातात.

उत्तर २ : छातीविकार, जळगाव

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. वर पांझरा यांनी लिहिलेले सर्व योग्य आहे, त्यामुळे केवळ वैद्यकीय भाग मांडतो.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप, वजन घटणे आणि रात्री घाम येणे ही चार लक्षणे विचारून तपासणी सुरू करण्याची पद्धत आहे, आणि जेथे दुसरे काही नाही तेथे ती करावीच. पण बेघर व्यक्तींमध्ये ती अपुरी पडते. उघड्यावर झोपणाऱ्याला खोकला नेहमीचाच वाटतो, वजन मोजायला काटा नसतो, आणि ज्याच्या अंगावर गोधडी नाही तो रात्रीच्या घामाबद्दल काय सांगणार? सर्वसामान्य लोकांतसुद्धा लक्षणांवर विसंबणे धोक्याचे ठरते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात असे आढळले की, केवळ लक्षणे विचारली असती आणि छातीचा एक्स-रे काढला नसता, तर सापडलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के रुग्ण निसटले असते. म्हणून लक्षण असो वा नसो, प्रत्येकाचा एक्स-रे आणि त्यात संशय आल्यास थुंकीची नॅट तपासणी, हा क्रम धरावा. हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रे आता कार्यक्रमात वापरली जातात. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेचा भर अशाच जोखमीच्या गटांवर होता. आपल्या जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून असे यंत्र संध्याकाळी, जेवणाच्या वेळेला मागावे. सकाळी अकराला गेलात तर तेथे आजारी आणि म्हातारेच भेटतील, बाकीचे भंगार गोळा करायला गेलेले असतील.

उपचारासाठी दाखल करावे काय, हा प्रश्न आपण विचारला नाही, पण तो येईलच, कारण बेघर माणूस दिसला की सर्वांचा पहिला विचार ‘याला कोठेतरी भरती करा’ असाच असतो. मद्रास येथे १९५६ पासून झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात रुग्णांचे दोन गट केले होते. एक गट सॅनिटोरियममध्ये, म्हणजे क्षयरुग्णांना दीर्घकाळ ठेवण्याच्या आरोग्यधामात, चांगले अन्न आणि विश्रांतीसह औषधे घेत होता, दुसरा दाटीवाटीच्या वस्तीतील आपल्या घरी राहून तीच औषधे घेत होता. घरी राहिलेल्यांचा निकाल जवळजवळ तितकाच चांगला लागला आणि त्यांच्या कुटुंबीयांना अधिक लागणही झाली नाही. जगभरची सॅनिटोरियमे ओस पडली त्यामागे या निष्कर्षाचा मोठा वाटा आहे. परंतु त्या अभ्यासातील रुग्णांना घर होते, दारावर गोळ्यांची चौकशी करायला येणारी परिचारिका होती आणि तिला दार उघडणारे कोणीतरी होते. आपल्याला त्याचीच पर्यायी व्यवस्था उभी करायची आहे, खाटेची नव्हे. खाट लागते ती थुंकीतून रक्त जास्त पडणे, बसल्या जागी धाप लागणे, उभे राहता न येणे, डोळे पिवळे होणे किंवा अन्न पोटात न टिकणे अशा स्थितीत, आणि तेव्हा मात्र विलंब नको.

नेहमीच्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन, रोज एकाच वेळी, आणि एकत्रित गोळ्यांची संख्या वजनावरून ठरते. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते हे पहिल्याच दिवशी सांगावे, नाहीतर रक्त पडते असे समजून माणूस गोळ्या बंद करतो. दारू पिणाऱ्याला उपचार नाकारू नयेत. यकृतावर ताण येण्याची शक्यता त्याच्या बाबतीत जास्त असते, म्हणून मळमळ, उलटी, गडद लघवी, पिवळे डोळे यांकडे लक्ष ठेवून त्वरित डॉक्टरांकडे आणावे. प्रत्येक रुग्णाची मधुमेह आणि एचआयव्ही तपासणीही व्हायला हवी, तीही मोफतच असते.

वाढपी मंडळींची भीती समजण्यासारखी आहे. हा रोग हवेतून पसरतो, ताट-पेल्यातून नाही. मोकळ्या आकाशाखाली जेवण वाढताना धोका फारच कमी, बंद खोलीत तासन् तास एकत्र बसण्यात खरा धोका. खोकणाऱ्याला साधा मास्क द्यावा, आणि बंद जागेत काम करणाऱ्याने स्वतः एन-९५ वापरावा. जंतू औषधाला दाद देणारा असेल तर नियमित गोळ्यांनी साधारण दोन आठवड्यांत संसर्गाची शक्यता खूपच घटते, त्यामुळे ‘टीबीवाला’ म्हणून रांगेतून वेगळे बसवण्याचे काही कारण उरत नाही.

ताटाची अट घालण्याविषयी माझे मत तुमच्यासारखेच आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांच्या घरच्यांना शिधा दिल्यावर त्यांच्यात नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण बरेच कमी झाले, आणि पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन वाढले त्यांच्यात मृत्यू कमी आढळले. म्हणजे जेवण हा उपचाराचाच भाग आहे आणि तो शिक्षा म्हणून काढून घेता येणार नाही. मात्र वरून काही देण्याचा उपयोग होतो. सॅन फ्रान्सिस्कोतील बेघर व्यक्तींवर झालेल्या, १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तपासणीला येण्यासाठी पाच डॉलर दिलेल्यांपैकी ८४ टक्के लोक आले आणि काहीच न दिलेल्यांपैकी ५३ टक्के. त्यांच्याच परिस्थितीतून गेलेला एखादा माणूस सोबत दिला तेव्हा ७५ टक्के आले. आपल्याकडे पैसे देणे जमले नाही तर अंडे, केळी, एखादे ब्लँकेट, आणि सोबतीला फलाटावरचाच बरा झालेला एखादा रुग्ण, हे सहज जमण्यासारखे आहे. रावेर-यावलच्या पट्ट्यात बसून केळ्यांची चिंता आपण तरी करू नये.

उत्तर ३ : निवारा, खानदेश

एका शहरी बेघर निवाऱ्याचे दैनंदिन काम मी पाहते. ताटाच्या अटीबद्दल आमच्याकडेही वाद झाला होता, म्हणून लिहिते. अट घातली की माणूस जेवण सोडत नाही, तो गोळी तोंडात धरतो आणि बाहेर जाऊन थुंकतो, आणि आपण नोंदवहीत आनंदाने खूण करत राहतो. त्यापेक्षा गोळी वाढणाऱ्याने पाच मिनिटे शेजारी बसावे, आज मळमळले काय, काल का आला नाहीत, हे विचारावे. यात वेळ जातो, हे खरे.

दादा, निवाऱ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, पण तो वगळूही नका. २०२४ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषांनुसार एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांच्या क्षमतेचा, वर्षभर आणि चोवीस तास उघडा असलेला निवारा असायला हवा होता. प्रत्यक्षात पुष्कळ बेघर लोक निवाऱ्यात यायला तयार नसतात, आणि त्यांची कारणे अगदी रास्त असतात : भंगाराचे पोते आत आणू देत नाहीत, कुत्रा बाहेर ठेवावा लागतो, नवरा-बायकोला वेगळे व्हावे लागते, दारू चालत नाही. तेव्हा रात्री झोपायला येत नसेल त्याने सकाळी गोळी घ्यायला तरी यावे, अशी सवलत आम्ही ठेवली आहे. डबा आमच्या कपाटात, किल्ली पहारेकऱ्याकडे. उपचार नुकतेच सुरू झालेल्याची खाट खिडकीजवळ असते आणि सर्व खिडक्या थंडीतही उघड्या ठेवतो, त्यावरून रोज कुरकुर ऐकून घ्यावी लागते. कोणाला रोग निघाला म्हणून निवाऱ्यातून बाहेर काढणे हा सर्वांत वाईट उपाय आहे, कारण तो माणूस नाहीसा होतो आणि जंतू शहरातच राहतो. त्याच्या शेजारी झोपणाऱ्या सर्वांची तपासणी मात्र करून घ्या. ज्यांना रोग नाही त्यांना प्रतिबंधात्मक गोळ्या द्यायच्या काय, हे डॉक्टर ठरवतील.

बँक खात्याची अडचण सोडवता येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत लघु खाते नावाची सोय आहे. ओळखपत्र नसले तरी बँक अधिकाऱ्यासमोर छायाचित्र आणि सही किंवा अंगठा देऊन ते उघडता येते. त्यात एका वेळी ५० हजारांहून अधिक शिल्लक ठेवता येत नाही आणि महिन्याला १० हजारांहून अधिक काढता येत नाहीत, पण आपल्या कामाला ते पुरेसे आहे. खाते बारा महिने चालते आणि या मुदतीत ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिल्यास मुदत वाढते. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला ही सोय माहीत असेलच असे धरून चालू नका, शाखा व्यवस्थापकांनाच भेटा.

उत्तर ४ : सातपुडा, नंदुरबार

चर्चा फलाटावरच्या लोकांची चालली आहे, तरी एक गट सुटू नये म्हणून लिहितो. अक्कलकुवा आणि धडगावकडील अनेक भिल्ल व पावरा कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि पुढचे काही महिने शेताच्या बांधावर पालात राहतात. कागदावर त्यांना घर आहे, रेशन कार्डही आहे, पण उपचाराच्या दृष्टीने त्या काळात ती बेघरच असतात, आणि सुरत-भुसावळ गाडीत बसलेला असा एखादा मजूर उद्या तुमच्या रांगेतही उभा असेल. त्याला ‘तुझे घर कोठे’ असे विचारले तर तो गावाचे नाव सांगेल आणि नोंद तिकडची होईल, जेथे तो होळीपर्यंत फिरकणार नाही. ‘पुढचे दोन महिने कोठे असशील आणि तुझा मुकादम कोण’ असे विचारावे. निक्षयमध्ये नोंद दुसऱ्या राज्यातही वर्ग करता येते, फक्त तिकडच्या पथकाला फोन करून माणूस पोहोचला काय याची खात्री कोणीतरी करावी लागते. आमच्या भागात तपासणीला उत्तम काळ होळीच्या आसपासचा आणि दिवाळीपूर्वी टोळ्या निघण्याआधीचा. बाकीच्या वेळी पाड्यावर म्हातारी माणसे आणि लहान मुलेच असतात.

तापीकाठ, भुसावळ

सर्वांचे आभार. आमच्या गृहस्थांना ज्या रुग्णालयात गोळ्या मिळाल्या होत्या त्याचे नाव आठवले आहे आणि टपरीवाल्या आबांनी डबा ठेवून घेण्याचे मान्य केले आहे. आता फक्त थुंकीच्या नमुन्याबाबत विचारायचे आहे. डबी कोठून घ्यावी आणि सकाळचाच नमुना हवा काय? ते पहाटे कोठे झोपलेले असतात हे आम्हांला रोज ठाऊक नसते.

पांझरा, धुळे

नमुना घेण्याची नळी क्षयरोग पथकाकडूनच मिळेल, बाहेरची बाटली वापरू नये. सकाळचा पहिला बेडका चांगला, पण त्यासाठी माणूस हातचा घालवू नये, समोर आहे तेव्हाच घेतलेला नमुनाही चालतो. संध्याकाळी जेवणाच्या आधी साध्या पाण्याने चूळ भरायला सांगावी, दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन मग छातीतून खोकायला सांगावे, आणि हे सर्व उघड्यावर, लोकांपासून थोडे बाजूला करावे. नुसती लाळ आली तर पुन्हा प्रयत्न करायला सांगावा. झाकण घट्ट लावून नळीवर नाव आणि तारीख लिहावी, थंड जागी ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रयोगशाळेत पोहोचवावी. शनिवारी संध्याकाळी घेऊ नका, रविवारी प्रयोगशाळा बंद असेल तर नमुना वाया जातो. आणि अहवाल कळवण्यासाठी आबांचाच फोन द्या, पण रोगाचे नाव टपरीवर चारचौघांत निघणार नाही, एवढे त्यांच्याशी आधी बोलून ठेवा.